खारीचा वाटा

आमच्या गल्लीत माणसाची पत जमिनीवरून, पगारावरून किंवा पोरगा पुण्याला कंपनीत आहे की नाही यावरून ठरत नाही. ती ठरते डीपीपासून त्याचं घर कितव्या खांबावर आहे यावरून. (डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आणि तो बुलढाण्याहून सरकारी गाडीत बसून आलेला असतो, असं आमच्या देऊळघाटात समजतात.) पहिल्या खांबावरच्या घरात पंखा लावला की भिंतीवरचं कॅलेंडर एका महिन्यावर थांबत नाही. तिथली माणसं बोलतातही मोठ्यानं, कारण आत मिक्सर चालू असतो. मधल्या खांबांवर पंखा फिरतो, पण वारा ज्याचा त्यानं समजून घ्यायचा. आणि जिथं खांब संपतात, बाभळी सुरू होतात आणि वाट पैनगंगेकडे उतरते, तिथं आमचं घर. पैनगंगा इथं अजून लहान आहे. उगमापासून फार लांब आलेली नाही. आमच्याकडची वीज मात्र फार लांबून आलेली असते आणि ते तिच्या तोंडावर दिसतं.

संध्याकाळी आमच्या पंख्याची पाती मोजता येतात. तीन आहेत. पाहुण्यांनीही मोजून खात्री करून घेतली आहे. एकाच्या पोरानं तर फिरत्या पंख्यावरचं कंपनीचं नाव वाचून दाखवलं, आणि पोराला एवढ्या लवकर वाचता येतं म्हणून त्याच्या आईनं त्याला जवळ घेतलं.

एलईडी येण्याआधी बल्बची तऱ्हा आणखी वेगळी होती. २३० व्होल्टच्या जागी १६० आले, तर उजेड तीसेक टक्क्यांनी कमी व्हावा असं कुणालाही वाटेल. तारेच्या बल्बाला असा सरळ हिशोब मान्य नसतो. त्याचा उजेड तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येतो. त्या उजेडात आमच्या शेजारी एक सोयरीक जमली. मुलीकडची मंडळी संध्याकाळी आली, चहा-पोहे झाले, मुलाचं टक्कल कुणाला दिसलं नाही. कमी व्होल्टेजचा गल्लीला झालेला तो एकमेव फायदा. पुढे सासरेबुवा एकदा भर दुपारी येऊन गेले, पण तोवर आहेर वाटून झाले होते.

घरात खरा छळ मिक्सरचा. दुपारी तीनच्या सुमारास गल्ली झोपलेली असते, तेव्हा आमच्याकडे जरा बरं व्होल्टेज येतं. त्या मुहूर्तावर बायको खोबरं, शेंगदाणे, लसूण, मिरच्या, जे हाताला लागेल ते वाटून घेते. आमच्याकडे भाजी काय करायची हे भूक ठरवत नाही, डीपी ठरवते. एकदा संध्याकाळी पाहुण्यांसाठी घाईनं चटणी लावली. मिक्सरनं नुसता हुंकार दिला आणि गरम वार्निशचा वास आला.

"एवढी वर्षं मास्तरकी केली," बायको म्हणाली, "अन् तुमच्यानं घरात व्होल्टेज आनल्या जात नाई?"

मी शाळेत मराठी शिकवलं. पण गावात मास्तर म्हणजे मास्तर. अलंकार येतात त्याला ॲम्पिअरही यायलाच पाहिजेत अशी अपेक्षा असते. ती पुरी करण्यासाठी मी उगाच मीटरपेटीसमोर हात मागे बांधून उभा राहायचो आणि "हं" म्हणायचो. त्यावर बरीच वर्षं निभावलं.

मग बहिणीचा मुलगा आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या कोर्सला लागला आणि माझी "हं" संपली. पोरगा मल्टिमीटर घेऊन आला. आमच्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये दोन काड्या घातल्या.

"मामा, एकशे चौसष्ट."

"चांगलं का वाईट?"

"दोनशे तीस पाहिजे मामा."

"मग बाकीचे कुठं गेले?"

या प्रश्नावर त्यानं वीजबिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर गणित मांडलं. तार जेवढी लांब तेवढा तिचा रोध जास्त, जेवढी जाड तेवढा कमी. डीपी आमच्यापासून अर्धा किलोमीटर. वीज यायला अर्धा आणि परत जायला अर्धा, म्हणजे एक किलोमीटर तार. "परत जाते?" मी विचारलं. मला आजवर वाटायचं की आम्ही ती वापरून टाकतो.

"ही तार किलोमीटरला एक पूर्णांक चार ओमच्या आसपास. संध्याकाळी गल्लीत पन्नास ॲम्पिअर धरा. एक पूर्णांक चार गुणिले पन्नास. सत्तर व्होल्ट वाटेतच खर्च."

हा नियम ज्याच्या नावावर आहे तो जॉर्ज सायमन ओम हाही मास्तरच होता. बाप कुलपं करणारा. पोरगा जर्मनीत कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचा. तारेतून किती वीज जाते हे त्याला मोजायचं होतं आणि त्याच्यापुढे अडचण कोणती आली असेल? व्होल्टेज टिकेना! त्या काळच्या बॅटऱ्या प्रयोग रंगात येईतो ढेपाळायच्या. हे कळल्यापासून ओम मला आमच्याच गल्लीतला वाटतो, शेवटच्या खांबाच्या बाजूचा. त्यानं तोडगा काढला तो असा: तांबं आणि बिस्मथ यांचे जोड करून एक उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा वितळत्या बर्फात. दोन्हींच्या तापमानातला फरक हलत नाही, म्हणून व्होल्टेजही हलत नाही. १८२७ साली त्यानं सगळं पुस्तकात छापलं. त्याच्या देशात फारसं कुणी मनावर घेतलं नाही, आणि त्यानं कोलोनची नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला कोपली पदक दिलं ते १८४१ साली.

मी हे सगळं बायकोला रंगवून सांगितलं. मास्तरचं म्हणणं लोकांना पटायला चौदा वर्षं लागली, यावर ती म्हणाली, "तरी लवकरच पटलं म्हनायचं." आपणही उकळतं पाणी आणि बर्फ ठेवून पाहू, असं मी सुचवलं. "बर्फ कायचा?" ती म्हणाली. "फ्रीज चालते का आपला?"

भाच्याला मी विचारलं, ही तार आहे तरी कोणती.

"स्क्विरल."

"म्हणजे?"

"खार, मामा."

पोरगा मामाची थट्टा करतोय असं वाटून मी बहिणीला फोन लावणार होतो. पण खरंच खार. ॲल्युमिनियमच्या सहा तारा आणि त्यांच्या पोटात पोलादाची एक, असा तो पीळ असतो. पोलाद ताण सोसायला, ॲल्युमिनियम वीज न्यायला. या तारांना जनावरांची नावं द्यायची रीत इंग्रजांच्या मानकांतून आली आणि इथंच राहिली. खारीपेक्षा जाड वीझल, मग ससा, मग कुत्रा. त्यापुढे मोठ्या मनोऱ्यांवरून जाणारा पँथर, त्यानंतर झेब्रा आणि ४०० केव्हीच्या लाईनीवर मूस. जेवढं जनावर मोठं तेवढी तार जाड आणि तेवढा रोध कमी. खारीचा किलोमीटरला १.४ ओम, सशाचा साधारण ०.५५, कुत्र्याचा ०.२८. मूसचा तर ०.०६ देखील नाही.

शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसला औष्णिक वीज केंद्र आहे, २५० मेगावॅटचे दोन संच. ग्रिडमधली वीज कुठली कुठं जाते हे सांगता येत नाही, पण मी आपली आमची वीज पारसची असं मनाशी धरून चालतो. तर ही वीज तिकडून झेब्र्यावर बसते, पँथरवर बसते, मजल दरमजल करत, व्होल्टेज चढवत-उतरवत, फारसं काही न गमावता गावापर्यंत पोहोचते. आणि शेवटचा अर्धा किलोमीटर तिला खारीच्या पाठीवर बसवतात. रामाच्या सेतूला खारीनं वाटा उचलला त्याचं आपण इतकं कौतुक केलं, की पुढच्या सगळ्या बांधकामांत तिला धरलेलं दिसतं.

ते सत्तर व्होल्ट जातात कुठं, हा माझा प्रश्न मात्र चांगला होता, असं भाचा म्हणाला. ते तार तापवण्यात जातात. पन्नास ॲम्पिअर आणि १.४ ओम म्हणजे साडेतीन हजार वॅट. आमच्या घरात पाणी तापत नाही आणि गल्लीभर तार तापते. वर बसलेल्या पारव्यांची सोय होते. त्यांना शॉक का लागत नाही, हेही मी विचारून घेतलं, कारण पुढे कुणी मास्तरला विचारलं तर? पारव्याच्या दोन पायांत तार असते बोटभर. एवढ्याशा तारेवर व्होल्टचे काही हजारावे भागच पडतात. दोन्ही पाय एकाच खांबावरच्या घरात, म्हणून सुखी. मे महिन्यात तर उन्हानं तार आधीच तापलेली असते, आणि तापलेल्या धातूचा रोध वाढतो; गारव्यापेक्षा पंधरा-वीस टक्के सहज. म्हणजे पंखा जेव्हा सगळ्यात जास्त लागतो, नेमका तेव्हाच तो सगळ्यात हळू फिरतो. निसर्गनियम आणि आमची गल्ली यांचं इतकं एकमत दुसऱ्या कशावर झालेलं मला माहीत नाही.

आता यावर उपाय गल्लीनं काढला तो स्टॅबिलायझरचा. मधल्या खांबावरच्या एका घरानं पहिला आणला. घरी आला तेव्हा त्याला हळद-कुंकू लावलं होतं. त्यांचा फ्रीज चालू लागला आणि शेजाऱ्यांचा टीव्ही बारीक झाला. स्टॅबिलायझर वीज तयार करत नाही. तारेवर १५० व्होल्ट आले की तो २२० करून देतो, आणि त्याची किंमत म्हणून तारेतून जवळजवळ दीडपट करंट ओढतो. करंट वाढला की तारेत आणखी व्होल्ट पडतात. म्हणजे शेजाऱ्याच्या घरचे व्होल्ट काढून स्वतःच्या फ्रीजला पाजायचे. शेजाऱ्याला ओमचा नियम ठाऊक नव्हता, पण टीव्ही बारीक झालेला दिसला. त्यानं दुसऱ्याच आठवड्यात मोठा स्टॅबिलायझर आणला. मग तिसऱ्यानं. मग आम्ही. संध्याकाळी सात वाजता गल्लीतून चाललं की प्रत्येक खिडकीतून टक्, टक् असा आवाज यायचा. सगळ्यांचे स्टॅबिलायझर एकमेकांचं ओढत असायचे, आणि पार शेवटी आमचा. त्यानं टक् केलं, पुन्हा टक् केलं आणि मग तांबडा दिवा लावून दम धरला. बायकोनं त्याच्यावर फोनचा चार्जर ठेवायला सुरुवात केली. लाकडी मांडणीपेक्षा तो थोडा महाग पडला, एवढंच.

शेतावर हाच खेळ मोठ्या प्रमाणात चालतो. हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत शेतीची लाईन कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्री थंडीत विहिरीवर जाऊन स्टार्टर दाबायचा कंटाळा, म्हणून प्रत्येकानं 'ऑटो' बसवून घेतलेला: वीज आली की मोटर आपोआप चालू. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. रात्री लाईन येते त्या क्षणाला शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम उठतात. डीपीवर असा आवाज होतो की कुत्री भुंकतात. फ्यूज जातो, शिवार पुन्हा अंधारात. मग जो तो घरून दुसऱ्याला फोन करतो.

"तुह्यी मोटर बंद कर ना बावा, मंग माही चालते."

"अन् मंग माही?"

"तुही मंग पाहू."

हे संभाषण मी इतक्यांदा ऐकलं आहे की व्याकरण शिकवताना परस्परसंबंधी वाक्यांचं उदाहरण म्हणून वापरलं असतं. यातून ज्यांच्या मोटरी वाचतात त्यांच्या कमी व्होल्टेजवर रडत-रखडत चालतात. पाणी तेवढंच ओढायचं आणि व्होल्ट कमी, म्हणून मोटर करंट जास्त घेते. जास्त करंटनं आतली गुंडाळी तापते. त्या तांब्याच्या तारेवर वार्निशचा पातळ थर असतो, तेच तिचं इन्सुलेशन. मर्यादेबाहेर दर दहा अंश तापमान वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा वायंडिंगवाल्यांच्या धंद्यातला ठोकताळा आहे. आमच्या चाचांना हा ठोकताळा अंश न मोजता कळतो. ते मोटर उघडतात, नाक जवळ नेतात आणि कुणाच्या ऑटोमुळे जळाली ते नावानिशी सांगतात.

चाचा मोटरीचं वायंडिंगही करतात आणि घरची फिटिंगही. देऊळघाटात वीज या विषयावर ज्याचं ऐकावं असा हा एक माणूस, म्हणून त्यांचं कुणी ऐकत नाही. त्यांचं एकच सांगणं असतं: "मास्तर, तार नाही जळत, जॉइंट जळते." ढिल्या जोडावर दोन तारा जेमतेम टेकलेल्या असतात. टेकायची जागा सुईएवढी, म्हणून रोध मोठा, म्हणून तिथंच उष्णता. त्या उष्णतेनं जोड काळा पडतो, काळा पडला की रोध आणखी वाढतो. आणि आमच्याकडे तर घरं जोडांवरच उभी आहेत. प्लग मोडला की नवा प्लग कुणी आणत नाही. वायरीची दोन उघडी टोकं सॉकेटमध्ये घालून वरून आगपेटीच्या काड्या ठोकतात. आगपेटी आणि वीज यांना एकाच भोकात बसवायचं धाडस फक्त आपल्याकडे आहे. जोडावर टेप पाहिजे. तो नसला तर पन्नी. पन्नी नसली तर दवाखान्यातून आणलेली चिकटपट्टी. आमच्या न्हाणीघरातल्या वायरीवर एका नामांकित साडीच्या दुकानाची पन्नी गुंडाळली होती. खेचायला गेलं की आतून 'धन्यवाद, पुन्हा या' असं दिसायचं.

हसण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. वीजवाहक आणि वीजरोधक हा भेद माणसाला कळला तो अशाच, हाताला लागेल ते बांधण्याच्या सवयीतून. १७२९ साली इंग्लंडमध्ये स्टीफन ग्रे नावाचा, पूर्वी कापड रंगवणारा एक म्हातारा घासून तयार केलेली वीज सुतळीवरून लांब नेऊन पाहत होता. सुतळी टांगायला रेशमाचा दोरा बांधला होता, आणि प्रयोग छान चालला होता. दोरा तुटला. घाईत त्यानं पितळेची बारीक तार बांधली, आणि वीज पुढे जाईचना. सगळी तारेवरून छपरात. जाडीचा प्रश्न नाही, कशाचा दोरा आहे याचा प्रश्न आहे, हे त्या दिवशी कळलं. पुढच्या वर्षी ग्रेनं एका पोराला दोऱ्यांनी आडवा टांगून त्याच्या अंगात वीज भरली. पोराच्या हाताकडे हलके कपटे उडी मारून येऊ लागले. हे भाच्यानं गल्लीतल्या माझ्या आत्यासमोर सांगायला नको होतं. गोष्ट बहिणीपर्यंत गेली, आणि तिनं त्याला पुन्हा एकट्याला आमच्या घरी पाठवायला बरेच दिवस लावले.

आत्याचा स्वतःचा विजेचा अभ्यास कमी नाही. तिच्याकडे कॉइलची शेगडी आहे. एक हजार वॅटची, म्हणजे नायक्रोमच्या तारेचा रोध त्रेपन्न ओम. कॉइल तुटली की आत्या दोन टोकं चिमट्यानं पिळून जोडते. प्रत्येक जोडीला वेढे दोन कमी होतात, तार आखूड होते, रोध उतरतो. होता होता कॉइल निम्म्यावर आली. आणि गंमत अशी, की १६० व्होल्टवर ती निम्मी कॉइल बरोबर हजारभर वॅट देऊ लागली! अख्खी गल्ली कमी व्होल्टेजच्या नावानं रडत असताना आत्याची शेगडी मात्र लालबुंद. तिनं ओमवर मात केली असं भाच्यानं जाहीर केलं. एका रात्री उशिरा, सगळे झोपल्यावर, आत्यानं दूध तापायला ठेवलं. गल्लीत वापर कमी, म्हणून व्होल्टेज २३० वर आलेलं. कॉइल दोन हजार वॅटनं पांढरी झाली, दूध पातेल्याबाहेर, पातेलं शेगडीबाहेर आणि घराचा फ्यूज उडून सगळं अंधारात. आत्या अंधारात म्हणाली, "आज एवढं व्होल्टेज देवाले काहून सुचलं?"

माणसाचा रोध हा वेगळाच विषय. कोरड्या कातडीचा एक लाख ओमपर्यंत असू शकतो, ओल्या अंगाचा हजारभरावर येतो. एक लाखावर २३० व्होल्ट लागले तर दोन-तीन मिलिॲम्पिअर, म्हणजे झिणझिणी. हजारावर लागले तर दोनशे तीस, म्हणजे पुढचं सांगायला माणूस राहत नाही. न्हाणीघरात बटण का नको याचं एवढं साधं कारण आहे. पण प्रत्येक गावात एक असतो ज्याला शॉक लागत नाही. आमच्याकडचा हातानं फेज धरून दाखवतो, आणि बघणाऱ्यांनी टाळ्या नाही वाजवल्या तर चहा मागतो. त्याच्या तळहातांना नांगर-कुदळीचे इतके घट्टे आहेत की रोध खरोखर जास्त असणार, हे भाच्यालाही मान्य. शिवाय पायात रबरी चप्पल. "रबर हाय ना मास्तर!" चाचांनी त्याची चप्पल पायातून काढायला लावली आणि उलटी करून सगळ्यांना दाखवली. अंगठ्याचा पट्टा तुटलेला, तो सेफ्टी पिनेनं अडकवलेला, आणि टाचेत चांभारानं ठोकलेला चुका आरपार आलेला. मंडळी जरा मागं सरकली. त्यानं चप्पल घातली, पण त्या दिवशी चहा मागितला नाही.

विजेच्या खांबावर जी चिनी मातीची वाटीगत नळी असते, ती तेवढी कुणाला चहा मागत नाही. तारेला खांबापासून तोडून धरायचं काम ती वर्षभर करते. उन्हाळाभर तिच्यावर धूळ बसते. कोरडी धूळ निरुपद्रवी. मग मृगाचा पहिला शिडकावा येतो, धूळ भिजते पण धुपत नाही, आणि त्या चिखलाच्या पातळ पोपड्यावरून वीज खांबाकडे वाट काढते. मुसळधार पावसात इन्सुलेटर धुऊन निघतो आणि वीज बहुधा राहते. चार थेंब पडले की जाते. लोक मात्र म्हणतात, "पान्याचं नुसतं नाव घेतलं की लाईन जाते!" लोकांचं निरीक्षण अगदी अचूक असतं, फक्त त्यानंतर ते शिव्या देतात.

अर्थिंगचं आमच्या घरी झालं ते सांगून टाकतो. जमिनीत गाडलेल्या पाइपभोवती कोळसा आणि मीठ घालून माती ओली ठेवली की तिचा रोध कमी राहतो. आमची काळी माती पावसाळ्यात वीज आनंदानं घेते आणि उन्हाळ्यात भेगाळून अंग काढून घेते. चाचांनी पाइप मोरीच्या सांडपाण्याजवळ गाडून दिला, म्हणजे ओल आपोआप. तेव्हापासून घरात कुणाला मशीनचा झिणका बसला की बायको ओरडते, "आंघोळ करा!" सुरुवातीला पाहुणे गैरसमज करून घ्यायचे. मीठ पाऊण पोतं गेलं. किराणा दुकानदारानं लोणच्याची ऑर्डर मिळाली का, असं विचारलं.

अखेर गल्लीनं सगळ्यांच्या सह्यांनी अर्ज केला. भाच्यानं तो इंग्रजीत लिहिला आणि त्यात वाहकाचं नाव नीट घातलं. बऱ्याच काळानं का होईना, खार उतरली आणि ससा चढला. पन्नास ॲम्पिअरला सत्तरच्या जागी सत्तावीस-अठ्ठावीस व्होल्ट पडायला लागले. भाच्यानं काड्या घातल्या: दोनशे दोन. पंख्याची पाती दिसेनाशी झाली. बायकोनं संध्याकाळी सातला, भर दिव्यात, मिक्सरवर चटणी वाटली आणि दार उघडं ठेवलं, आवाज बाहेर जावा म्हणून.

आवाज गेला. पुढच्याच महिन्यात गल्लीत दोन गिझर आले. मग घरगुती चक्की आली. पहिल्या खांबावर एसी आला. त्यांनी कॅलेंडर काढून टाकलं. आम्ही इंडक्शनची शेगडी घेतली, ती फक्त पाहुण्यांसाठी, असं ठरलं होतं. पन्नासाचे शंभर ॲम्पिअर झाले आणि आमच्या स्टॅबिलायझरनं चार्जरखालून टक् केलं.

चाचा खांबाखाली उभे राहून वर बघत म्हणाले, "मास्तर, ससा दमला. आता कुत्रा लावून घ्या. अर्ज तुम्हीच लिहा, मराठीत. इंग्रजीवाल्याची परीक्षा चालू आहे."

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते विजेचं काम माझ्याकडे आलं. मी अर्ज शुद्ध मराठीत लिहिला. 'विषय: आमच्या गल्लीस कुत्रा मिळणेबाबत.' खाली मजकूर: 'गल्लीत बसविलेला ससा वाढत्या लोकसंख्येस अपुरा पडत असून त्याजागी सत्वर कुत्रा बसवून मिळावा, ही विनंती.' कार्यालयातल्या कारकुनानं तो दोनदा वाचला, चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, आवक शिक्का मारला आणि कागद शेजारच्या टेबलाकडे सरकवला. तिथल्या बाईंनी वाचून विचारलं, "मास्तर, तो ससा जिवंत आहे का अजून?"

"आहे," मी म्हणालो. "पण संध्याकाळी फार तापतो."